नवं पुस्तक आलंय, आता लोकांपर्यंत कसं न्यायचं? गोव्यातल्या ललितेतर लेखकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं पुस्तक छापून आलं की लोक मला मेसेज करतात, फोन करतात. बहुतेक जण गावाचा इतिहास, शेती, देवळं, आठवणी, आरोग्य, कायदा असं काहीतरी लिहिणारे. मी स्वतः खाजन शेतीवर (खाडीकाठची, बांध घालून खारं पाणी अडवलेली शेती) पुस्तक काढलं तेव्हा बरंच धडपडत शिकलो, तेच इथे आहे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मधेमधे दुसऱ्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. प्रकाशन समारंभ करायलाच पाहिजे का? नाही केला तर चालेल?

चालेल. समारंभ न करता पुस्तक विकायला कुठल्याच नियमाची आडकाठी नाही. पण मी म्हणेन करा, छोटा करा, कारण त्या निमित्ताने पेपरात दोन ओळी येतात, लोकांना फोन करायला कारण मिळतं आणि घरच्यांनी इतकी वर्षं तुमचं लिहिणं सांभाळून घेतलं त्यांनाही बरं वाटतं. फक्त एक ध्यानात ठेवा, समारंभ एका संध्याकाळचा असतो आणि पुस्तक त्यानंतर वर्षभर विकायचं असतं, सगळा पैसा आणि सगळी ताकद त्या एका संध्याकाळवर घातली की दुसऱ्या दिवशी माणूस दमून बसतो आणि खोके पलंगाखाली जातात. असं झालेले निदान चार लेखक माझ्या ओळखीचे आहेत, पुस्तकं चारही चांगली होती.

२. तारीख कशी ठरवायची? गोव्यात कुठले दिवस टाळायचे?

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे दहा विसरा, माटोळी (गणपतीवर बांधायची फळापानांची सजावट), सामान, पाहुणे यातून कोणाचं डोकं मोकळं नसतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या दहा-बारा दिवसांत पणजीत करू नका, इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असते आणि कांपालकडे गाडी लावायला जागा मिळत नाही. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त. शिगमो, कार्निव्हाल तुम्हाला माहीतच आहेत. आणि ज्या गावात कार्यक्रम करताय तिथल्या जत्रेची, काल्याची तारीख आधी विचारून घ्या, ही चूक बाहेरून येणाऱ्या लेखकांची हमखास होते.

आता कुठले दिवस धरायचे. पुस्तकाचा विषय ज्या दिवसाशी जुळतो तो दिवस धरा. मुक्तिलढ्यावर असेल तर १८ जून किंवा १९ डिसेंबर, घटकराज्याच्या राजकारणावर असेल तर ३० मे, जनमत कौलावर (गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचं १९६७ चं मतदान) असेल तर १६ जानेवारी. त्या दिवशी पेपरांना त्या विषयाचा मजकूर हवाच असतो. पण नेमक्या त्याच दिवशी समारंभ ठेवू नका, सरकारी कार्यक्रम असतात, वार्ताहर तिकडे जातात. तीन-चार दिवस आधी ठेवा म्हणजे पुस्तकाची बातमी त्या दिवसापर्यंत ताजी राहते. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, तेव्हा एकाच संध्याकाळी तीन-तीन कार्यक्रम येतात, म्हणून तोही नेमका दिवस मी टाळतो.

३. हॉल कुठला घ्यावा आणि किती मोठा?

जितकी माणसं येतील असं वाटतं त्याच्या निम्म्या खुर्च्यांचा घ्या. हे मी मनापासून सांगतोय. चारशेच्या सभागृहात साठ माणसं बसली की वक्त्याचा आवाज घुमतो आणि आलेल्यांनाच वाटतं की काहीतरी फसलं, तीच साठ माणसं पन्नास खुर्च्यांच्या खोलीत असली तर मागे उभं राहून ऐकतात आणि नंतर टेबलाकडे गर्दी होते.

पणजीत इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा आहे, पाटोवर संस्कृती भवनात कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, फोंड्याला राजीव गांधी कला मंदिर, मडगावात रवींद्र भवन आणि गोमंत विद्या निकेतन. मोठी सभागृहं नाट्यस्पर्धेच्या दिवसांत अडकलेली असतात तेव्हा अर्ज लवकर करा, आणि बुकिंगची पावती हातात आल्याशिवाय पत्रिका छापू नका. माझी पत्रिका छापून झाल्यावर एका सभागृहातून फोन आला की त्या दिवशी दुसरा कार्यक्रम आहे, दीडशे पत्रिकांवर पेनने जागा बदलून लिहावी लागली.

वेळ साडेचार-पाचची ठेवा. गावाकडच्या बसगाड्या रात्री लवकर बंद होतात आणि माणूस सात वाजल्यापासून घड्याळ बघायला लागतो.

४. म्हणजे पणजीतच करायला पाहिजे असं नाही?

अजिबात नाही, आणि ललितेतर पुस्तकाला तर पहिला विचार विषयाच्या गावाचा करा. माझं सांगतो. पणजीत समारंभ केला, सत्तरेक लोक आले, भाषणं चांगली झाली, विकल्या गेल्या बावीस प्रती. पुढच्या रविवारी रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीत दोन खोके घातले आणि चोडण बेटावर गेलो, देवळाच्या मंडपात चटई आणि थोड्या खुर्च्या, माईक नव्हता. चाळीसेक माणसं. मी भाषण न करता बांध आणि मानशीचे (बांधातल्या पाण्याच्या दाराचे) फोटो एकेक करून दाखवले आणि लोकच बोलायला लागले, कोणाच्या आजोबांनी कुठल्या साली बांध फुटताना बघितला, कोणाचं शेत खारं झालं ते झालंच. एकतीस प्रती गेल्या. त्यातल्या बऱ्याच घरांत दर महिन्याला पुस्तक विकत घेतलं जात नसेल, पण हे पुस्तक त्यांच्या शेताचं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच विचारतो, हे पुस्तक कोणाबद्दल आहे? ती माणसं जिथे राहतात, काम करतात तिथे आधी जा. साहित्यिक मंडळी नंतर येतातच.

५. पाहुणे किती बोलवावे? मंत्री, आमदार बोलवावा का?

व्यासपीठावर चार माणसं पुरे, त्यात तुम्ही आणि सूत्रसंचालक धरून. एक असा वक्ता हवा ज्याने पुस्तक खरोखर वाचलंय, आणि त्याला ते निदान तीन आठवडे आधी द्या. आदल्या दिवशी दिलेल्या पुस्तकावर माणूस प्रस्तावनाच वाचून दाखवतो.

राजकारणी माणूस आला तर फोटो छापून येतो हे खरं, पण तो उशिरा येतो, लवकर जातो आणि त्याच्यामागून अर्धा हॉल जातो. शिवाय निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली की त्यांचं येणंच अडचणीचं होतं, आणि गोव्यात पंचायत, झेडपी, पालिका, विधानसभा, लोकसभा असं काही ना काही चालूच असतं. विषयाशी त्यांचा खरा संबंध असेल तर जरूर बोलवा. शाल-श्रीफळ एकदाच, शेवटी, पटकन. हारतुऱ्यांत अर्धा तास गेला तर प्रश्नोत्तरांना वेळ उरत नाही आणि लोकांना हवी असतात ती प्रश्नोत्तरंच.

६. चहापाण्याचं काय?

चहा, एक बटाटवडा किंवा बन. कार्यक्रमाच्या आधी द्या आणि पुस्तकांचं टेबल दाराजवळ ठेवा, चहाजवळ नको, तेलकट बोटांनी मुखपृष्ठ खराब होतात. सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही ठेवा, आणि टेबलावर घरचा माणूस नको, तो ओळखीच्यांना फुकट देत सुटतो.

७. आयएसबीएन लागतोच का? कुठून घ्यायचा, किती पैसे पडतात?

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. कायद्याने सक्ती नाही, पण तो नसेल तर ऑनलाइन विक्री, दुकानं, लायब्ररीची खरेदी सगळीकडे अडतं. भारतात तो राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली, अर्ज ऑनलाइन करायचा आणि फी काहीच नाही. स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही मिळतो. कोणी एजंट हजार-दोन हजार मागत असेल तर ते फॉर्म भरून देण्याचे पैसे, नंबरचे नाहीत. छपाईला देण्याआधी अर्ज करा, कारण नंबर आतल्या पानावर आणि मागच्या कव्हरवर छापायचा असतो.

छापील प्रतीचा आणि ई-बुकचा नंबर वेगळा. तेच पुस्तक काही न बदलता परत छापलं तर जुनाच नंबर चालतो, मजकुरात मोठी भर घातली, नवी आवृत्ती केली तर नवा घ्यायचा.

८. लायब्ररीला प्रती पाठवणं बंधनकारक आहे असं ऐकलं, खरं का?

हो. १९५४ चा कायदा आहे, प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने एकेक प्रत चार ठिकाणी पाठवायची: कोलकात्याची नॅशनल लायब्ररी, मुंबईत टाउन हॉलमधली सेंट्रल लायब्ररी, चेन्नईची कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पुस्तक तुम्हीच काढलं असेल तर प्रकाशक तुम्हीच. याकडे ओझं म्हणून बघू नका, पन्नास वर्षांनी कोणी तुमच्या गावावर काम करायला बसलं तर पुस्तक तिथे सापडेल.

आणि पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला दोन प्रती स्वतः नेऊन द्या. १८३२ सालची लायब्ररी आहे ती, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांतली, आणि गोव्यावर अभ्यास करणारा प्रत्येक जण कधी ना कधी तिथे येतो. मला आलेले सगळ्यात चांगले दोन ईमेल तिथे पुस्तक वाचलेल्या विद्यार्थ्यांचे आहेत.

९. पेपरात परीक्षण कसं येतं? दोन प्रती पाठवल्या, सहा महिने झाले, काहीच नाही.

प्रती पाठवून 'साभार पोच'मध्ये नाव येतं, परीक्षण आपोआप येत नाही. रविवारची पुरवणी बघणाऱ्या माणसाचं नाव शोधा, त्यालाच पत्र लिहा, पत्रात पुस्तक कशाबद्दल आहे ते चार ओळींत आणि त्यात नवीन काय आहे ते एका ओळीत. गोमंतक, नवप्रभा, तरुण भारत, लोकमत सगळ्यांना एकाच दिवशी तोच मजकूर पाठवू नका, प्रत्येकाला पुस्तकातला वेगळा उतारा द्या.

त्याहून उपयोगी म्हणजे परीक्षणाची वाट न बघता स्वतः लेख लिहा. पुस्तकातलंच एक प्रकरण आठशे शब्दांत नव्याने लिहायचं, खाली एका ओळीत पुस्तकाचं नाव. माझ्या पुस्तकाला जितके फोन आले त्यातले बहुतेक अशा एका लेखानंतर आले, तो पावसाळ्यात छापून आला होता, बांध फुटल्याच्या बातम्या चालू असताना. दिवाळी अंकात द्यायचं असेल तर चवथीच्या आधीच संपादकाशी बोला, नंतर पानं भरलेली असतात.

१०. व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर काय टाकायचं? रील करावी का?

मुखपृष्ठाचा फोटो आणि 'माझं पुस्तक प्रकाशित होत आहे' हे एकदाच टाका. त्यानंतर प्रत्येक वेळी पुस्तकातली एक गोष्ट द्या, एक जुना फोटो, एक शब्द, एक नकाशा. मी आठवड्याला खाजनातला एक शब्द टाकायचो, मानस, बांध, कोरगूट (खाऱ्या जमिनीत येणारं भात), आणि विचारायचो तुमच्याकडे याला काय म्हणतात. खाली उत्तरांची रांग लागायची आणि माणसं आपणहून विचारायची की पुस्तक कुठे मिळेल. ऑर्डरची माहिती, किंमत, पोस्टेज, क्यूआर, हे सगळं एकाच पोस्टमध्ये लिहून पिन करून ठेवा. रील जमत असेल तर करा, दुसऱ्याकडून पैसे देऊन करून घेऊ नका.

एक सांभाळा. पुस्तकासाठी कोणी घरचा जुना फोटो दिला असेल तर तो पोस्टरवर किंवा फेसबुकवर टाकण्याआधी परत विचारा. पुस्तकात छापायला दिलेली परवानगी जाहिरातीला आपोआप लागू होत नाही, आणि कायद्यापेक्षा त्या घरचं मन महत्त्वाचं.

११. सवलत किती द्यावी? नातेवाईक, मित्र फुकट मागतात त्यांना काय सांगायचं?

आधी हिशेब मांडा. समजा प्रत १३० ला पडली आणि किंमत ३०० ठेवली. दुकानदार किंवा वितरक ४० टक्के घेतो, म्हणजे १२० गेले, हातात १८०, त्यातून छपाई वजा केली की ५० उरतात आणि त्यातच वाहतूक. आता तुम्हीच फेसबुकवर ४० टक्के सूट जाहीर केली तर दुकानदार पुस्तक ठेवणार कशाला? प्रकाशनपूर्व सवलत २० ते २५ टक्के, ठरलेल्या तारखेपर्यंत, समारंभाच्या दिवशीही तीच, नंतर बंद.

फुकट प्रतींची यादी आधीच करून ठेवा: ज्यांनी माहिती दिली, फोटो दिले, घरात बसवून जेवू घातलं, त्यांना प्रत गेलीच पाहिजे आणि ती हातात नेऊन द्या, पोस्टाने नको. बाकीच्यांना मोकळेपणाने सांगा की पैसे घालून काढलंय, एक घ्या. लोक रागवत नाहीत.

१२. पोस्टाने पाठवायला स्वस्त काय? जीएसटी लागतो का?

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. पोस्टात १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट म्हणून सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा, ट्रॅकिंग मिळतं, पण रस्त्याने जातं म्हणून वेळ लागतो. पाकिटात जाहिरातीची पत्रकं घालू नका, ती सेवा पुस्तकांसाठीच आहे. पावसाळ्यात आतून प्लास्टिक लावाच.

१३. प्रकाशक पुण्याचा आहे, तो गोव्यात काहीच करत नाही.

तो करणार नाही असंच धरून चला, गोव्यातली दुकानं आणि शाळा त्याला माहीत नसतात. लेखक म्हणून सवलतीत शंभर प्रती विकत घ्या आणि गोव्याची बाजू तुम्ही बघा, पण करारात लेखकाला स्वतः विकायची मुभा आहे ना ते आधी वाचा. त्या बदल्यात महाराष्ट्रातली प्रदर्शनं, तिथले पेपर, ग्रंथालयांच्या याद्या हे त्याच्याकडून लेखी मागून घ्या.

१४. पुस्तक मराठीत, पण गावात सगळे कोंकणी बोलतात. कार्यक्रम कुठल्या भाषेत करायचा?

ज्या भाषेत समोरचा माणूस बोलतो त्या भाषेत. चोडणला मी पूर्ण वेळ कोंकणीत बोललो आणि मराठी पुस्तक विकलं, कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण घरात कोंकणी आणि हातात मराठी पेपर हे आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. भाषावादाच्या जखमा मला माहीत आहेत, त्या खऱ्या आहेत, पण पुस्तकाचं टेबल ही त्या उघडायची जागा नव्हे. पाहुणा मराठीतून बोलला, गावकरी कोंकणीतून, सूत्रसंचालकाला दोन्ही येतात, छान होतं. क्रिस्तांव वस्तीत जाणार असाल तर पुस्तकाचा सारांश कोंकणीत, रोमी (रोमन) लिपीत एका पानावर छापून न्या. पुस्तक न वाचता येणारेसुद्धा तो वाचतात आणि मग दोन गोष्टी सांगतात ज्या तुमच्या पुस्तकात असायला हव्या होत्या.

१५. पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरतेय. काय करू?

परीक्षणासाठी, चर्चेसाठी थोडा मजकूर उद्धृत करायला कायदा मुभा देतो, कोणी एक-दोन पानांचा फोटो टाकला तर खूश व्हा. पूर्ण पीडीएफ मात्र कॉपीराइटचा भंग आहे, आणि कॉपीराइटसाठी नोंदणी लागत नाही, लिहिल्यापासूनच हक्क तुमचा, तुमच्यानंतर ६० वर्षं. ग्रुपच्या ॲडमिनला शांतपणे फोन करा, बहुतेक वेळा काढतात. फाइल बाहेर कुठून गेली तेही बघा, बऱ्याचदा ती अभिप्रायासाठी पाठवलेल्या फाइलमधून जाते, म्हणून अभिप्रायासाठी मी छापील प्रतच देतो.

१६. पुस्तकात ज्यांच्या आजोबांचा उल्लेख आहे ते घराणं नाराज झालंय, केस करू म्हणतात.

आधी त्यांच्या घरी जा. वकील घेऊन नको, पुस्तक आणि तुमची टिपणं घेऊन जा. कायद्याचं बोलायचं तर मेलेल्या माणसाबद्दलचा मजकूरही बदनामी ठरू शकतो, जर तो जिवंत असता तर त्याच्या नावाला बट्टा लागला असता आणि घरच्यांच्या भावना दुखवायचा हेतू असेल तर. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ कलमात हे आहे. खरी आणि लोकहितासाठी सांगितलेली गोष्ट त्यातून सुटते, पण ती खरी असल्याचे कागद तुमच्याकडे लागतात. म्हणून टिपणं, रेकॉर्डिंग, कागदपत्रांच्या झेरॉक्स फेकू नका. नोटीस आलीच तर मात्र स्वतः उत्तर लिहायला बसू नका, तेव्हा वकील बघा, आणि तो वाद फेसबुकवर तर अजिबात नेऊ नका.

चूक तुमचीच असेल तर पुढचा प्रश्न बघा.

१७. छापून आल्यावर चूक सापडली, पाचशे प्रती घरात आहेत.

चोडणच्या त्या कार्यक्रमात (प्रश्न ४) एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने पान उघडलं, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे उलटं लिहिलंय. खरंच उलटं होतं. मानशीचं दार भरतीचं पाणी आत दाबायला लागलं की आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं, माझ्या कॅप्शनमध्ये भरतीला उघडतं असं छापलं होतं, चार जणांनी प्रूफं वाचून. मला तिथेच घाम फुटला.

त्याच रात्री शुद्धिपत्र टाइप केलं, एका कागदावर सहा बसतील असं, आणि उरलेल्या प्रत्येक प्रतीत ते पान उघडून डिंकाने चिकटवलं, नुसतं आत सरकवलेलं गळून पडतं. विकल्या गेलेल्यांपैकी ज्यांचे नंबर होते त्यांना फोटो पाठवला. फेसबुकवरही टाकलं आणि त्या शेतकऱ्याचं नाव त्याला विचारून लिहिलं. त्या पोस्टवरून अकरा ऑर्डरी आल्या. दुसऱ्या आवृत्तीची प्रूफं आता आधी त्याच्याकडे जातात, तो अंगणात बसून चष्मा लावून एकेक फोटो बघतो.

१८. समारंभ होऊन दीड वर्ष झालं, दोनशे प्रती पडून आहेत. आता काही होईल का?

होईल. ललितेतर पुस्तक शिळं होत नाही, विषय परत बातमीत आला की ते परत नवं होतं, तेव्हा लेख तयार ठेवा (प्रश्न ९). हायस्कूल, हायर सेकंडरी आणि कॉलेजच्या लायब्ररीयनना प्रत्यक्ष भेटा, खरेदीचं बजेट मार्चपर्यंत संपवायचं असतं म्हणून डिसेंबर-जानेवारीत जा, हातात एक प्रत, किंमत लिहिलेलं कोटेशन आणि बिलबुक असू द्या. मुलांसमोर अर्धा तास बोलायची तयारी दाखवली तर दारं उघडतात. तालुक्याच्या आणि गावच्या वाचनालयांचीही यादी करा, माझ्या यादीत आता छत्तीस आहेत, महिन्याला तीन या हिशेबाने जातो, स्कूटरच्या डिकीत पाच प्रती बसतात.